वाजवून बघणे

गेल्या हिवाळ्यात कानाच्या डॉक्टरांकडे मला आतून जाड स्पंजने मढवलेल्या एका लहानशा खोलीत बसवण्यात आले. कानांवर हेडफोन, हातात एक बटण आणि सूचना एवढीच की आवाज कितीही बारीक असला तरी तो ऐकू आला की बटण दाबायचे. काचेपलीकडची मुलगी यंत्राच्या कळा फिरवत होती. आधी जाड, घुमणारा सूर आला, मग मध्यम, मग शिटीसारखा बारीक, आणि त्यानंतर बराच वेळ काहीच आले नाही. मी बटणावर अंगठा ठेवून वाट पाहत राहिलो आणि ती मुलगी काचेतून माझ्याकडे पाहत कळ वाढवत राहिली. तिच्या चेहऱ्यावरून माझ्या लक्षात आले की सूर केव्हाचा चालू आहे, मला तो पोहोचत नाही इतकेच.

बाहेर आल्यावर डॉक्टरांनी आलेख पुढे ठेवला. रेघ डावीकडून जवळजवळ सपाट येत होती, 4000 हर्ट्झपाशी ती विहिरीत उतरावी तशी खाली गेली होती आणि 8000 पाशी पुन्हा थोडी वर चढली होती. "फौंड्रीत होता काय?" आलेखावरची नजर न उचलता त्यांनी विचारले. ओतकामाच्या कारखान्यांच्या कोल्हापुरात हा प्रश्न विचारायला फार मोठे निदानकौशल्य लागत नसावे. तरीही एका खड्ड्यावरून आपला सगळा पूर्वेतिहास कोणी वाचावा याचे मला कौतुक वाटले, कारण 34 वर्षे पोटापाण्यासाठी मी दुसरे काही केले नव्हते. वस्तूच्या आत आवाज पाठवायचा, परत काय येते ते पाहायचे आणि वस्तू न फोडता तिच्या पोटात काय आहे ते सांगायचे, हीच माझी नोकरी होती.

हे काम मला शिकवले अण्णांनी, आणि त्यांच्याकडे यंत्र नव्हते. शिवाजी उद्यमनगरातल्या एका लहान फौंड्रीत ते फेटलिंगला, म्हणजे ओतलेले तुकडे साफ करायच्या कामाला, होते. शनिवारी सकाळची शाळा सुटली की मी त्यांचा डबा घेऊन जात असे. साच्यातून निघालेले, वाळू झाडलेले कास्टिंग ते साखळीच्या आकड्याला टांगत, लहान हातोडीने त्याच्या कडेवर एकच टोला देत आणि मान थोडी वाकडी करून थांबत. त्यांच्या थांबण्यावरूनच मला निकाल कळू लागला होता. चांगल्या तुकड्याचा आवाज लांबत जाई, त्यामुळे अण्णाही लांब थांबत. वाईट तुकड्यासाठी ते थांबतच नसत. "ऐक की, ह्यो गातोय," ते म्हणत, आणि दुसऱ्याला टोला देऊन म्हणत, "ह्यो बद्द. बाजूला ठिव."

बद्द हा शब्द मराठीने फार विचार करून घडवलेला असावा असे मला वाटते, कारण त्यात आवाज निघतो आणि निघतानाच बुजतो. वस्तूवर टोला बसला की तिच्यात ताणाची आणि दाबाची लाट धावते, दुसऱ्या टोकाच्या पृष्ठभागावरून परतते, पुन्हा धावते, आणि वस्तूच्या मापात बसणाऱ्या लाटा तेवढ्या टिकून बाकीच्या एकमेकींना पुसून टाकतात. टिकलेल्या लाटांचा जो मेळ, तो त्या तुकड्याचा सूर. मध्ये चीर असेल तर चिरेचे दोन्ही ओठ एकमेकांवर घासून लाटेची ऊर्जा खातात, तुकड्याची ताठरता कमी होते, सूर खाली उतरतो आणि लवकर मरतो. शिवाय धातूचा स्वतःचाही स्वभाव असतो. साध्या बिडात ग्राफाइट पापुद्र्यांच्या रूपात पसरलेले असते आणि ते पापुद्रे कंप पिऊन टाकतात, म्हणून तर लेथचा बेड बिडाचा करतात, त्यावर हत्यार थरथरत नाही. त्याच वितळलेल्या लोखंडात थोडे मॅग्नेशियम मिसळले की ग्राफाइटच्या गोळ्या बनतात, त्याला आपल्याकडे सगळे एसजी आयर्न म्हणतात, आणि ते मात्र पोलादाच्या जवळ जाईल असे वाजते. अण्णांना पापुद्रे आणि गोळ्या यांविषयी काही ठाऊक नव्हते, परंतु कोणती भट्टी साधली आणि कोणती बिघडली हे ते प्रयोगशाळेच्या कागदाआधी सांगत.

1984 मध्ये मी शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका फौंड्रीत तपासणी विभागात लागलो तेव्हा माझ्या हातात हातोडीऐवजी अंगठ्याएवढा प्रोब आला. त्याच्या टोकाशी असलेल्या चकतीला विजेचा झटका दिला की ती आकुंचन-प्रसरण पावते आणि तिच्यावर दाब आला की ती उलट वीज देते. हा गुण क्वार्ट्झसारख्या स्फटिकांत असल्याचे पिएर आणि झाक क्युरी या भावांनी 1880 मध्ये दाखवले होते. म्हणजे एकच चकती तोंडही होते आणि कानही. माणसाचा कान 20 ते 20,000 हर्ट्झपर्यंत पोहोचतो. आमचा प्रोब सेकंदाला वीस लाख किंवा अधिक कंपनांत बोलत असे, त्यामुळे त्या विभागात काम करताना ऐकू काहीच येत नसे. हिरव्या पडद्यावर डावीकडे एक उभी रेघ, म्हणजे आवाज आत गेला, आणि उजवीकडे दुसरी, म्हणजे तो पलीकडच्या पृष्ठभागावर आपटून परत आला. या दोहोंच्या मध्ये सारे सपाट असावे एवढीच आमची देवाकडे मागणी असे. मध्ये एखादी रेघ उभी राहिली की आत पोकळी आहे किंवा चीर आहे किंवा वाळू अडकली आहे.

एक गोष्ट नव्या मुलांना पटवायला मला नेहमी वेळ लागे. प्रोब आणि कास्टिंग यांच्यामध्ये तेलाचा थर द्यावा लागतो, कारण मध्ये कागदाच्या जाडीइतकी जरी हवा राहिली तरी एवढ्या उच्च कंपनसंख्येचा आवाज धातूत शिरतच नाही, जवळजवळ सगळा जागच्या जागी परत फिरतो. हवा आणि लोखंड यांच्या घडणीत इतके अंतर आहे की त्यांची आपसांत बोलणी होत नाहीत. गंमत अशी की ज्या पोकळीच्या आम्ही शोधात असायचो ती सापडायची तीही याच कारणाने, कारण तिच्यातही हवा किंवा वायूच भरलेला असतो.

एसजी आयर्नसाठी याच यंत्राचा दुसरा एक उपयोग होता आणि तो मला अधिक आवडे. 50 मिलिमीटर जाडीच्या तुकड्यात आवाज जाऊन परत यायला सेकंदाचे सुमारे 18 दशलक्षांश भाग लागतात, म्हणजे वेग सेकंदाला 5,600 मीटरच्या आसपास. जाडी कॅलिपरने मोजलेली असेल तर हा वेगच ग्राफाइटच्या गोळ्या नीट बनल्या आहेत की नाहीत ते सांगतो. पापुद्रे वाढत गेले की आवाज मंदावतो. एका रात्रपाळीत लॅडल, म्हणजे वितळलेले लोखंड ओतायचे भांडे, भरलेला असताना क्रेन अडकली आणि ओतायला दहा-बारा मिनिटे उशीर झाला. मॅग्नेशियम वितळलेल्या लोखंडात फार वेळ थांबत नाही, उडून जाते. सकाळी त्या लॉटमधल्या पहिल्याच तुकड्याचा वेग 5,100 च्या खाली निघाला. पाळीचे सुपरवायझर मानायला तयार नव्हते, यंत्रच बिघडले असेल म्हणाले, आणि अशा वेळी सगळेच तसे म्हणतात. मी ड्रॉवरमधून हातोडी काढली, आदल्या दिवशीचा एक तुकडा आणि हा एक असे दोन शेजारी टांगले आणि दोन्हींना टोले दिले. पुढे वाद झाला नाही. घरी आल्यावर अण्णांना सांगितले तर ते म्हणाले, "मग ते यंत्र कशाला घेतलं म्हणायचं?"

अण्णांच्या या प्रश्नाचे थोडेफार उत्तर मला पुढे वाचनात मिळाले. ऑस्ट्रियात ग्राझ येथे एका खाणावळवाल्याचा लिओपोल्ड आउएनब्रुगर नावाचा मुलगा डॉक्टर झाला. त्याने रुग्णाच्या छातीवर बोटांनी ठोकून आत हवा आहे की पाणी साठले आहे हे ओळखण्याची रीत बसवली आणि 1761 मध्ये ती पुस्तकरूपाने मांडली. वडिलांच्या तळघरातली पिंपे ठोकून दारू कुठवर आहे हे पाहायची सवय त्याला लहानपणापासून होती असे सांगतात. सांगोवांगीचा भाग सोडला तरी ठोकण्याचे शास्त्र गुत्त्यात आणि रुग्णालयात एकच आहे यात शंका नाही. पुढे 1816 मध्ये पॅरिसच्या रने लाएनेक यांनी एका तरुण स्त्रीरुग्णाच्या छातीला थेट कान लावायचा संकोच वाटून कागदाची सुरळी केली आणि तिच्यातून ठोके अधिक स्पष्ट ऐकू आले, तोच स्टेथोस्कोपचा आरंभ. पहिल्या महायुद्धात पिएर क्युरी यांचे शिष्य पॉल लांजव्हँ यांनी पाण्याखालच्या पाणबुड्या शोधण्यासाठी क्वार्ट्झचा उपयोग केला. 1928 च्या सुमारास रशियात सर्गेई सोकोलोव्ह यांनी धातूतले दोष अशा अश्राव्य ध्वनीने शोधता येतील असे सुचवले, आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत फ्लॉइड फायरस्टोन यांनी तसे यंत्र प्रत्यक्ष बनवले. माझ्या हातातला प्रोब त्याच वंशातला.

याच्या पुढची घटना मी नोकरीत असताना येईल त्याला सांगत असे. ग्लासगोचे स्त्रीरोगतज्ज्ञ इयन डोनल्ड 1955 मध्ये शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठी गाडीत घालून जवळच्या रेनफ्रू येथील बॉयलरच्या कारखान्यात घेऊन गेले. तिथे बॉयलरच्या वेल्डिंगमधले दोष पाहण्यासाठी जे यंत्र होते त्याखाली त्यांनी त्या गाठी ठेवल्या, तुलनेसाठी मांसाचा एक मोठा तुकडाही बरोबर नेला होता. घट्ट गाठीचा प्रतिध्वनी वेगळा आला आणि पाणी भरलेल्या गाठीचा वेगळा. तीन वर्षांनी, 1958 मध्ये, त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पोटातल्या गाठींवर आणि गर्भावर लिहिलेला निबंध 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला, आणि तिथून पुढे जगातल्या प्रत्येक गरोदर बाईच्या पोटावर थंड जेल लावले जाऊ लागले. आमचे तेल आणि त्यांचे जेल यांचे काम एकच आहे, मधली हवा काढून टाकणे. शरीराच्या मऊ भागांत आवाज सेकंदाला साधारण 1,540 मीटर जातो हे गृहीत धरून यंत्र अंतर मोजते आणि त्या अंतरांवरून पडद्यावर नाक, हात, मणके उमटतात.

माझ्या मुलीबरोबर मी राजारामपुरीतल्या सोनोग्राफी केंद्रात गेलो होतो तेव्हा बाहेरच्या बाकावर बसून समोरची पाटी वाचत होतो. येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही, तो कायद्याने गुन्हा आहे, असे त्यावर मोठ्या अक्षरांत होते. हा कायदा 1994 चा. आणि 2001 च्या जनगणनेत कोल्हापूर जिल्ह्यात सहा वर्षांच्या आतल्या दर हजार मुलग्यांमागे 839 मुली होत्या. हा आकडा मी वर्तमानपत्रात वाचला त्या दिवशी कामावर प्रोब हातात धरताना मला कसेतरीच झाले होते. ज्या यंत्राचा जन्म वस्तूतला दोष शोधण्यासाठी झाला ते आपल्या जिल्ह्याने आईच्या पोटावर ठेवले आणि दोष कशाला म्हणायचे हे आधीच ठरवून टाकले. पडद्यावरची रेघ दोष आहे की नाही हे यंत्र सांगत नाही, आमच्याकडेही सांगत नसे. कुठली रेघ नापास करायची याचे कोष्टक बाजूला टांगलेले असते आणि ते माणसांनी लिहिलेले असते. मुलगी आतून बाहेर आली, "बाबा, ठोके ऐकले," म्हणाली, आणि मी पाटीवरून नजर काढली.

लाटा कानाला सवयीच्या हवेतून दुसऱ्या माध्यमात गेल्या की त्यांची चाल कशी बदलते हे मला पंचगंगेच्या घाटावर फार आधी कळले होते, शाळेत ते धड्यात यायच्या कितीतरी आधी. उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही डुबी मारून खाली जायचो आणि कोणीतरी दोन दगड पाण्याखाली एकमेकांवर आपटायचा. तो टक्कन आवाज कवटीच्या आतच झाल्यासारखा यायचा, आणि कुठल्या बाजूने आला हे कधीच सांगता यायचे नाही. हवेत उजवीकडचा आवाज उजव्या कानाला आधी आणि डाव्याला सेकंदाच्या दीड हजाराव्या भागाइतका उशिरा पोहोचतो, आणि मेंदू तेवढ्या फरकावरून दिशा काढतो. पाण्यात आवाज चौपटीहून अधिक वेगाने पळतो, तो फरकच उरत नाही, आणि डोके गोंधळते. 1826 मध्ये कोलाडों आणि स्टुर्म या दोघांनी जिनिव्हाच्या सरोवरात एका होडीखाली घंटा वाजवून आणि त्याच क्षणी बंदुकीच्या दारूचा भडका करून साडेतेरा किलोमीटरवर ती ऐकली, आणि पाण्यातल्या आवाजाचा वेग सेकंदाला 1,435 मीटर काढला. आम्ही दगडांनी असे काही मोजले नाही. ज्याला दिशा चुकली त्याने सगळ्यांना भेळ द्यायची एवढाच आमचा प्रयोग होता.

खडकातून आलेला आवाज मात्र मी एकदाच ऐकला. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा मी सात वर्षांचा होतो. आईने मला उठवले ते हादऱ्याने जाग आली म्हणून नव्हे, तिला आधी गुरगुर ऐकू आली होती. एखादा भरलेला ट्रक गल्लीत शिरावा तशी ती गुरगुर होती असे ती शेवटपर्यंत सांगे, आणि आमच्या गल्लीत तर बैलगाडीही जेमतेम शिरायची. भूकंपाची पहिली लाट ही जातीने ध्वनिलाटच असते, पुढे-मागे ढकलत जाणारी, आणि खडकातून ती सेकंदाला सहा किलोमीटरच्या आसपास धावते. बाजूने हिसके देणारी दुसरी लाट तिच्या मागून साडेतीन किलोमीटरच्या चालीने येते आणि भिंती पाडते ती प्रामुख्याने हीच. कोयनानगर ते कोल्हापूर सरळ रेषेत सुमारे 90 किलोमीटर धरले तर दोहोंत दहा-अकरा सेकंदांचे अंतर पडते. आईला ते दहा सेकंद मिळाले आणि त्यांत तिने आम्हा तिघांना अंगणात काढले. ऐकण्याचे माझे शिक्षण अण्णांकडून झाले असे मी म्हणत असतो, पण हेही सांगितले पाहिजे.

गाण्याच्या बाबतीत मी जाणकार नाही. ज्या शहरात शाहू महाराजांच्या पदरी उस्ताद अल्लादिया खाँ राहिले आणि 1883 पासून देवल क्लब ही संगीतसंस्था चालत आली, तिथे स्वतःला जाणकार म्हणवून घेण्याचे धाडस कोणी करू नये. तरीही मिरजेला एका तंबोरे बनवणाऱ्या कारागिराला मी जवारी काढताना, म्हणजे तारेला झंकार यावा म्हणून तिच्याखालची घोडी घासताना, पाहिले तेव्हा मला थेट अण्णा आठवले. घोडीच्या रुंद पृष्ठभागावर ते कानस एकदाच, अगदी हलके फिरवत, तार छेडत, मान वाकडी करून थांबत, आणि पुन्हा कानस. मग तारेखाली दोरा सरकवत एका जागी आले आणि एकच तार अनेक तारांसारखी उमलली. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी कोलकात्यात असताना 1921 मध्ये याच गोष्टीचा अभ्यास केला. तार ज्या बिंदूवर छेडली जाते तिथे ज्या उपस्वरांचा, म्हणजे मूळ सुराबरोबर उमटणाऱ्या वरच्या सुरांचा, स्थिर बिंदू असतो ते उपस्वर उमटू नयेत असा पाश्चात्त्य तारवाद्यांवरून बांधलेला नियम होता. तंबोऱ्यात ते खुशाल उमटतात, कारण वक्र घोडीवर तार थरथरताना सतत टेकते आणि सुटते. त्याच्या आदल्या वर्षी त्यांनी आणि शिवकाली कुमार यांनी तबला-मृदंगाच्या शाईविषयी लिहिले होते. नुसत्या ताणलेल्या कातड्याचे उपस्वर एकमेकांशी सुरात नसतात, म्हणून बहुतेक ढोलांना नेमका स्वर नसतो. मधोमध शाईचे थर चढवले की ते उपस्वर पटीत येऊन बसतात. हे ज्यांनी शोधले त्यांची नावे कुठे नोंदलेली नाहीत, आणि त्यांनीही ते वाजवून, घासून, पुन्हा वाजवूनच शोधले असणार.

8 ऑगस्ट 2024 च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळाले. दुसऱ्या दिवशी लोक काळ्या पडलेल्या भिंतींपाशी उभे राहून रडत होते, मीही त्यांत होतो. त्या नाट्यगृहात एका प्रयोगाला वीज गेल्याचे मला आठवत होते. नटाने क्षणभरही न थांबता अंधारात वाक्य पुरे केले आणि मागच्या रांगेत बसलेल्या मला त्याचा श्वाससुद्धा ऐकू आला. 1915 साली उभ्या राहिलेल्या त्या इमारतीचा आवाज कशात होता हे नेमके कोण सांगणार? अमेरिकेत वॉलेस सॅबिन यांना 1895 मध्ये हार्वर्डच्या एका सभागृहात व्याख्यान कळत नाही अशी तक्रार सोडवायला सांगितले तेव्हा त्यांनी रात्रीच्या रात्री तिथे ऑर्गनची एक नळी वाजवून घुमणे किती सेकंद टिकते ते मोजले. शेजारच्या थिएटरमधून खुर्च्यांच्या गाद्या उचलून आणायच्या, मांडायच्या, मोजायचे आणि पहाटे परत ठेवायच्या. रिकाम्या सभागृहात एक शब्द साडेपाच सेकंद रेंगाळत होता. त्यांनी काढलेले सूत्र सोपे आहे, घुमण्याचा काळ हा जागेच्या घनफळाच्या प्रमाणात वाढतो आणि आतल्या वस्तूंच्या शोषणाच्या प्रमाणात घटतो. लाकूड, पडदे, खुर्च्या आणि माणसे आवाज पितात. भरलेल्या नाट्यगृहाचा आवाज रिकाम्यापेक्षा वेगळा असतो तो प्रेक्षकांमुळे, म्हणजे आपण केवळ ऐकत नसतो, आपल्या अंगावरच्या कपड्यांसकट त्या आवाजाचा भाग असतो. जळालेल्या लाकडाच्या जागी काय बसवतात यावर नवा आवाज ठरेल, आणि तो पहिल्या दिवशी माणसे भरल्याखेरीज कळणार नाही.

खिशातल्या मोबाइलमध्येही ध्वनिलाटा असतात, आणि मी घंटी वाजण्याविषयी बोलत नाही. हवेतून येणाऱ्या असंख्य रेडिओलहरींतून आपली तेवढी निवडायला त्यात स्फटिकाच्या बारीक चकत्या असतात. विजेचा संदेश त्यांच्या पृष्ठभागावर ध्वनिलाट होऊन काही अंतर चालतो आणि पुन्हा वीज होतो. आवाज प्रकाशापेक्षा जवळपास लाखपट मंद असल्यामुळे हातभर लांबीची रेडिओलहर तिथे केसाच्या जाडीच्या आत मावते. मला हे कळले तेव्हा निवृत्त होऊन दोन वर्षे झाली होती, नाहीतर डबा खाताना चर्चेला एक चांगला विषय मिळाला असता.

पुन्हा माझ्या खड्ड्याकडे येतो. कानाची नळी अडीच सेंटिमीटरच्या आसपास असते आणि ती 3000 हर्ट्झच्या जवळचे सूर आपणहून वाढवते. माणसाच्या बोलण्यातली बारीक व्यंजने आणि तान्ह्या बाळाचे रडणे यांना त्याचा फायदा होतो. परंतु हातोड्यांचा, शॉट ब्लास्टिंगचा आणि ग्राइंडरचा मारही तिथेच वाढून आत जातो आणि त्याच्या जरा वरच्या पट्टीत, 4000 पाशी, शंखाकृती नलिकेतल्या केसपेशी आधी मरतात. मेलेली केसपेशी पुन्हा उगवत नाही. 85 डेसिबलमध्ये आठ तास ही साधारण मर्यादा मानतात, आणि दर तीन डेसिबलला वेळ निम्मा करावा लागतो. आम्हाला कानात घालायचे बोळे मिळत होते. पण ते घातले की कास्टिंगचा सूर नीट कळत नसे, म्हणून मी ते काढून ठेवत असे. म्हणजे चांगले ऐकावे म्हणून मी कान घालवला. कुणावर रागवायला जागाच नाही.

विसर्जनाच्या मिरवणुकीत ज्यांच्या छातीत धडधड होते त्यांना मात्र मी हे सांगत असतो. निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल ही नियमांतली मर्यादा 2000 सालापासून कागदावर आहे. 50 हर्ट्झच्या ठोक्याची लाट सात मीटर लांब असते, ती भिंतीला वळसा घालून येते, खिडकी लावून ती थांबत नाही. ढोल-ताशे पूर्वीही कमी नव्हते, पण ताशेवाला थकत असे. डीजे थकत नाही.

माझी नात जन्मली त्याच्या दुसऱ्या दिवशी तिच्या कानाची तपासणी झाली. झोपलेल्या बाळाच्या कानात मऊ टोकाची एक लहान नळी बसवली, यंत्राने अगदी हलके टिकटिक आवाज आत सोडले आणि पडद्यावर काही पट्ट्या हिरव्या झाल्या. निरोगी कान आलेल्या आवाजाला स्वतःचा बारीकसा आवाज काढून उत्तर देतो, ही गोष्ट इंग्लंडच्या डेव्हिड केम्प यांनी 1978 मध्ये दाखवली. केसपेशी नुसत्या हलत नाहीत, त्या स्वतः ढकलतात आणि ती ढकल उलटी बाहेर येते. तपासणी करणाऱ्या बाईंनी "पास" असे म्हटले तेव्हा सगळे हसले. मी त्या हिरव्या पट्ट्यांकडे पाहत राहिलो. माझ्या नोकरीतल्या पडद्यावर मधली रेघ उभी राहिली की काळजी वाटे, इथे ती उभी राहण्याची वाट पाहायची होती.

या उन्हाळ्यात तिला घेऊन बापट कॅम्पला माठ आणायला गेलो. सहा वर्षांची झाली आहे, प्रत्येक गोष्टीत हात घालते. कुंभारांनी चार-पाच माठ पुढे ठेवले. मी एक उचलला, डाव्या तळहातावर तोलला, उजव्या हाताच्या बोटांच्या गाठींनी वाजवला, आणि अण्णांसारखी मान वाकडी करून थांबलो. छान लांबला. "हाच द्या," म्हणालो. तेवढ्यात तिने त्याच माठाला टिचकी मारली आणि नाक मुरडले.

"आजोबा, ह्यात काहीतरी चर्रर्र करतंय."

मी पुन्हा वाजवला. मला गोड, गोल आवाज आला. कुंभारांनी माझ्या हातून माठ घेतला, स्वतः कानाशी धरून एकदा ठोकला, काठाजवळ अंगठा फिरवला, आणि काही न बोलता तो मागच्या ओळीत उपडा घातला. मग त्यांनी दुसरा माठ काढला आणि तो माझ्याकडे न देता तिच्यापुढे धरला.